पत्रूचा एक दम

दसऱ्याच्या संध्याकाळी शालिकने सिलिंडरला दाबमापक लावून पाहिला, तेव्हा काटा शून्यावर टेकलेला होता. त्याने काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा हलला नाही. सकाळी गच्च भरलेली हवा संध्याकाळपर्यंत संपली होती, आणि तिच्यातले दोन श्वास सोडले तर बाकीची कुणीच घेतली नव्हती.

आता एकच सिलिंडर उरलं होतं.

ते भरायचं यंत्र नागपूरच्या सरकारी वर्कशॉपात होतं. तिथून मूल गावापर्यंत रेल्वे, मूलहून सावलीपर्यंत मोटार आणि सावलीहून मोहबोडीपर्यंत बैलगाडी, असा प्रवास करून शालिकने ती दोन सिलिंडरं आणि पाण्याखाली श्वास घ्यायचं ते पितळी यंत्र गावात आणलं होतं. वर्कशॉपात सगळे त्याला रेग्युलेटर म्हणत. शालिक बी.एस्सी. झाल्यापासून तिथेच कामाला होता आणि ते यंत्र त्याच्या ताब्यात असे. आपण जे दुरुस्त करतो ते वापरताही यायला हवं, म्हणून तो धरणाच्या कामावर पाणबुड्याकडून ते घालून बुडायलाही शिकला होता. साहेबांपुढे चार वेळा उभं राहून त्याने ते गावासाठी मागून आणलं होतं.

कारण मोठ्या तलावाचं तुडूम अडकलं होतं. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पोटातून नहरात पाणी सोडायचं ते दार. पूर्वी मालगुजाराचा असलेला तलाव आता सरकारजमा झाला होता, तुडुमाला लोखंडी झडप आणि वर फिरवायचा पेच बसला होता. पण त्या पावसाळ्यात कुठून तरी एक येनाच्या झाडाचा ओंडका वाहत आला आणि झडपेच्या खाचेत आडवा रुतला. पेच फिरेना. पाऊस लवकर उघडला, धान पोटरीला आलं, बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा पडू लागल्या, आणि तलाव मात्र पाळीपर्यंत तुडुंब. डोळ्यांसमोर पाणी, आणि शेतात थेंब नाही.

शालिकचा बाप पत्रू हा गावातला पट्टीचा बुडणारा ढिवर. त्याने तीन पुरुष खोल जाऊन ओंडका हाताने चाचपून पाहिला होता. "आरीनं कापाव लागते," त्याने वर येऊन सांगितलं होतं. "पन आरी ओढाले खाली बसाव लागते, अन् बसाले दम पुरत नाई."

मग गुणवंतरावांनी दुसरा उपाय काढला. तलावाखाली सगळ्यांत जास्त बांध्या त्यांच्याच. तुडुमाशेजारी पाळ फोडायची. ओव्हरसियरनेही तोंडी होकार दिला होता. पाळ फोडली की धान वाचणार, हे खरं. पण दोन दिवसांत अख्खा तलाव वैनगंगेला मिळणार, मासोळ्या त्याच्याबरोबर जाणार, आणि ढिवरांच्या घरांना वर्षभर हात चोळत बसावं लागणार, हेही तितकंच खरं. पत्रूला शेत नव्हतं. तलाव हेच त्याचं शेत. त्याच्या आज्याच्या आज्याने या पाळीवर माती टाकली होती, असं तो सांगत असे.

म्हणून शालिक सगळ्यांसमोर म्हणाला होता, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, डोक्यावर ऊन यायच्या आत झडप मोकळी करतो. नाही झाली तर फोडा पाळ."

आणि आता अर्धी हवा गेली होती.

कसं झालं ते त्याला आठवून पाहता आलं. सकाळी अंगणातल्या खाटेवर त्याने रेग्युलेटर सिलिंडरला जोडला. पितळ सोन्यासारखं झळकत होतं. त्याने तोटी उघडली, बघायला जमलेल्यांना दोन श्वास घेऊन दाखवले, आणि तेवढ्यात गुणवंतराव आपट्याची पानं घेऊन आले. "चला साहेब, सोनं लुटाले. यंत्र काही पळून जात नाई." ते त्याला हाताला धरून सीमेवर घेऊन गेले. तोटी उघडीच राहिली. दिवसभर डफडं आणि सनई वाजत होती, आणि त्या आवाजात खाटेवरची ती बारीक फुसफुस कुणाच्याच कानावर आली नाही.

तोटी उघडी राहिली ही त्याची चूक. पण धड असलेलं यंत्र तोटी उघडी राहिली तरी हवा सोडत नाही. म्हणजे गळती होती. कुठे तरी, अगदी हळू.

कंदिलाच्या उजेडात हे काम होणार नाही हे त्याला माहीत होतं. तो झोपला. म्हणजे आडवा पडला.

उजाडताच तो तलावावर गेला. बरोबर पत्रू होता. काठावर त्यांचा डोंगा ओढून ठेवलेला होता, एका झाडाचं खोड कोरून केलेला.

"बाबा, डोंग्यात पानी भरा."

पत्रूने त्याच्याकडे पाहिलं. "डोंग्यातलं पानी काढता काढता जिनगानी गेली माही. अन् तू म्हनतो भर?"

"आत बुडवून पाहाचं आहे यंत्र. तलावात लाटा येते, बुडबुडा दिसत नाई."

पत्रू मडक्याने पाणी ओतू लागला. डोंगा भरल्यावर शालिकने पाणी निवळू दिलं. मग सिलिंडर आडवं टाकलं, रेग्युलेटर पाण्याखाली बुडवला आणि तोटी अलगद उघडली.

एव्हाना पाळीवर म्हातारे भैयाजी येऊन बसले होते. त्यांना सकाळी दुसरं काम नसे. "काय चालू आहे बाप-लेकाचं? यंत्राले आंघोळ?"

"हो जी," पत्रू म्हणाला. "सनाची राह्यली होती."

शालिक पाण्यात नाक लावून पाहत होता. सिलिंडरला जिथे रेग्युलेटर घट्ट बसतो, तिथलं रबरी वायसर हा पहिला संशयित. तिथे बुडबुडा नव्हता. मग खांद्यावरून तोंडाकडे येणाऱ्या दोन लवचीक नळ्या. त्याने प्रत्येक घडी ताणून पाहिली. काही नाही. तोंडात धरायचा रबरी तुकडा, काही नाही. पाणी आरशासारखं स्तब्ध.

"झालं ना नीट?" भैयाजी म्हणाले. "पान्याले घाबरलं अन् गप झालं."

"काल सकाळीबी गपच होतं," शालिक म्हणाला. "थोडा वेळ पाहू."

"किती वेळ?" पत्रूने विचारलं.

शालिकच्या मनगटावर घड्याळ होतं. पण बापाचा प्रश्न ऐकून त्याला दुसरंच काही आठवलं. लहानपणी जाळं खाली किती वेळ ठेवायचं, हे पत्रू दमात सांगत असे. एक दम, दीड दम. त्या घरात वेळेचं ते माप होतं, आणि ते घड्याळाइतकं नसलं तरी फारसं चुकत नसे.

"तुमचा एक दम," तो म्हणाला.

पत्रूचा चेहरा खुलला. त्याने पागोटं काढून भैयाजींच्या हातात दिलं, कमरेएवढ्या पाण्यात गेला, छाती भरून घेतली आणि दिसेनासा झाला.

शालिक डोंग्यावर वाकून राहिला. पाणी तसंच स्तब्ध. पाळीवर एक टिटवी ओरडून गेली. भैयाजी तोंडातल्या तोंडात काही मोजत होते. आणि मग तोंडाच्या तुकड्यातून मोहरीएवढा एक बुडबुडा निघाला, जरा अडखळला आणि वर आला. त्याच्यामागे दुसरा. तिसरा. मग बारीक, न तुटणारी माळच लागली.

शालिकने झटकन तोटी बंद केली. उरलेली हवा आता जपायची होती. पत्रू अजून पाण्याखालीच होता.

तो वर आला तेव्हा डोळे लाल झाले होते. "निघाला?"

"निघाला. तुमचा दम संपाच्या आधी."

"मंग यंत्रात दम नाई," भैयाजी निकाल देऊन मोकळे झाले.

पण शालिक हसत होता. गळती नुसती दिसली नव्हती, ती बोललीही होती. उशिरा निघालेल्या त्या पहिल्या बुडबुड्याने सगळं सांगून टाकलं होतं.

तेवढ्यात पाळीवरून गुणवंतराव आले. मागे कुदळी-फावडी घेतलेली चार माणसं. त्यांनी कुदळी खाली ठेवल्या, पण हातापासून लांब नाही.

"काय म्हनते साहेब? जमते का नाई?"

"तोंडातून हवा गळून राह्यली, भाऊ."

"मंग तोंडापाशी पेच असन ना, तो कस ना पक्का! एवढं शिकून एवढं समजत नाई?"

पेच होता. तो कसला असता तर बुडबुडे थांबलेही असते. म्हणूनच शालिकला त्याची भीती वाटत होती. "कसला तर गळती दिसनार नाई, भाऊ. पन जानार नाई. खाली गेल्यावर श्वास ओढाले जड जाईन, अन् खरा बिघाड वाढत राहीन."

"ते कसं?"

शालिकने काठावरच्या ओल्या मातीत बोटाने तीन चौकोन काढले, एकाखाली एक. "ह्या तुमच्या बांध्या समजा. वरची सिलिंडर, पान्यानं तट्ट फुगलेली. मधली लहान. खालची म्हंजे मानसाचं तोंड. वरच्या अन् मधल्या बांधीत एक धुरा, मधल्या अन् खालच्या बांधीत दुसरा. यंत्रात असेच दोन व्हॉल्व्ह आहे. पहिला मोठा जोर कमी करते. दुसरा आपन श्वास ओढला तरच उघडते."

"हं."

"आता दुसरा धुरा फुटला असता, तर पानी सोडल्याबरोबर खालच्या बांधीत आलं असतं. पन आपल्याले दिसलं काय? पह्यले काहीच नाई. लय वेळानं थेंब. म्हंजे?"

गुणवंतरावांचं आयुष्य धुऱ्यांवर, शेताच्या बांधांवर, गेलं होतं. ते खाली बसले आणि मधल्या चौकोनावर बोट ठेवलं. "म्हंजे वरचा धुरा पाझरून राह्यला. मधली बांधी भरते, मंग खालच्या धुऱ्यावरून सांडते. खालच्याचा दोष नाई."

"हो. अन् तुम्ही मले खालचाच धुरा उंच कराले सांगून राह्यले."

भैयाजी खदखदून हसले. गुणवंतराव हसले नाहीत, पण त्यांनी सूर्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "डोक्यावर याले वेळ आहे. तोपर्यंत मानसं बसते इथी."

शालिक घरी आला. सोनीबाईने, त्याच्या आईने, धुतलेलं पांढरं धोतर खाटेवर अंथरून दिलं. ओसरीत वारा लागत नव्हता आणि उजेड भरपूर होता. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. प्रत्येक भाग सुटेल तसा तो धोतरावर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडत गेला, म्हणजे परत बसवताना उजवीकडून डावीकडे यायचं. पहिल्या व्हॉल्व्हची पितळी टोपी निघाली. स्प्रिंग निघाली. मग आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची बारीक जाळी त्याने चिमट्याने उचलली आणि उजेडात धरली.

जाळीवर करडी भुकटी होती. तिच्यात एक पिवळी छटा. आणि चिंचेच्या शिरेचा एक तंतू.

नागपूरच्या वर्कशॉपात चिंच नव्हती.

"माय, हवा आत जाते त्या तोंडावरचं झाकन कोनी काढलं होतं?"

"मी," चुलीपाशी बसलेली सोनीबाई म्हणाली. "काऊन?"

"कायले काढलं?"

"कायले म्हंजे? दसऱ्याले यंत्र पुजाचं होतं ना. जाळं पुजलं, डोंगा पुजला, तुह्या बाबाची आरी पुजली. तुह्यंच ठेवू का? तू उठाच्या आधीच चिच अन् राख लावून घासलं."

"ते बाहेरून ना?"

"बाहेरून चकचकीत अन् आतून काळं, असं भांडं मी देवापुढे ठेवन का रे? काडीले चिंधी गुंडाळली अन् आतूनबी काढलं. मंग हळद-कुंकू लावलं. अन् झाकन परत लावलं. तू सांगितलं होतं ना, झाकन उघडं ठेवाचं नाई म्हनून. आठवनीनं लावलं."

पत्रू दारात उभा होता. त्याने आधी तोंडावर हात धरला, पण ते हसणं हाताला आवरण्यासारखं नव्हतं. खोकला येईपर्यंत तो हसला. "साऱ्या गावाले सांगत फिरत होती, माह्या पोराचं यंत्र सोन्यावानी चमकते! चमकीन नाई तर काय!"

सोनीबाईला अजून उलगडा झाला नव्हता. मग मुलाचा चेहरा पाहून झाला. तिने हातातली फुंकणी खाली ठेवली. "माह्यानं बिघडलं?"

काहीतरी गोड खोटं बोलता आलं असतं. पण शालिकला ते जमत नसे, आणि आईशी तर नाहीच. "राखेचा कन आत गेला, माय. अन् मी आपला वरची चमक पाहून खूश झालो, झाकन उघडून जाळी पाह्यलीच नाई. तुही एक चूक, माही एक. पन दुरुस्त होते."

"नक्की?"

"पाहू दे."

त्याने व्हॉल्व्हची बैठक काढली. करंगळीच्या नखाएवढी, कडक काळ्या एबोनाइटची चकती. तिच्यावर पितळी नळीचं धारदार तोंड दाबून बसतं आणि हवा अडते. त्याने कॉलेजातलं भिंग डोळ्याला लावलं. चकतीवर तोंडाची गोल खूण उमटली होती, आणि त्या गोलावर एका जागी सुईच्या टोकाएवढा खड्डा. खड्ड्यात काहीतरी चकाकत होतं. भाताच्या कोंड्याची राख दिसते मऊ, पण तिच्यात गार असते, काचेच्या जातीची. तो कण तिथे बसला होता, आणि त्याच्या बाजूने हवा आपली वाट काढत होती.

"ये, पाहा," तो म्हणाला.

सोनीबाईने भिंगातून पाहिलं. एवढ्याशा चकतीवरचा तो एवढासा कण. "येवढ्यानं?"

"येवढ्यानं."

चकती दोन्ही बाजूंनी सारखी होती. उलटी केली की कोरी बाजू वर येणार. तो प्रश्न मिटला. पण नळीच्या तोंडाच्या धारेवरही त्याच कणाने एक केसभर ओरखडा पाडला होता. ती धार सपाट झाल्याशिवाय नवी बाजूसुद्धा टिकणार नव्हती. वर्कशॉपात त्यासाठी परदेशी डब्यातली पावडर होती, पिठाहून बारीक. इथे काय होतं?

तो उठून चुलीकडे गेला. राखेच्या ढिगाकडे बघत उभा राहिला.

"माय, राख कोंड्याचीच ना?"

"दुसरी कोनती असते आपल्या घरी?"

"लोटे दे. चार. अन् गाळलेलं पानी."

त्याने राख पहिल्या लोट्यात कालवली. जाड कण जड असतात, ते आधी तळाला बसतात. बारीक कण पाण्यात तरंगत राहतात. जितके बारीक, तितका वेळ. म्हणून जरा थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या लोट्यात घ्यायचं. तिथे आणखी थांबायचं, मग तिसऱ्यात. प्रयोगशाळेत त्याने हे केलं होतं. पण ओतताना त्याचा हात हलला आणि तळाचा गाळ वर आला.

"दे इकडे," सोनीबाई म्हणाली. "तलावाचं पानी निवळाले लागली तेव्हापासून हेच करतो मी." तिने लोटा तिरपा केला. वरचं पाणी धाग्यासारखं दुसऱ्यात उतरलं आणि गाळ जागचा हलला नाही. शालिक सांगत होता केव्हा थांबायचं, ती ओतत होती. चौथ्या लोट्याच्या तळाशी शेवटी जो थर बसला, तो बोटांत घेतला तर बोटांना काही लागतच नव्हतं.

पत्रूचा दाढीचा आरसा खाटेवर आला. काचेवर तो थर, वर पाण्याचा थेंब, आणि त्याच्यावर नळीचं तोंड. शालिक ते इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवू लागला, जोर न देता. थोडं फिरवायचं, धुवायचं, भिंगातून पाहायचं. ओरखडा फिका झाला. मग तुटक झाला. मग दिसेना. त्यानंतरही त्याने तितकंच फिरवलं, कारण दिसेनासं होणं आणि नसणं या दोन गोष्टी वेगळ्या.

दरम्यान भैयाजी ओसरीत येऊन टेकले होते. "दोन थेंब मोहाच्या टोळीचं तेल सोड आत. माह्या बंडीची चाकं त्याच्यावरच फिरते."

"नाई जी. एवढ्या जोराच्या हवेत तेल गेलं तर पेट घेऊ शकते."

"पेट? पान्यात?" भैयाजींनी पत्रूकडे पाहिलं. "शिकवून शिकवून पोट्ट्याले पान्यात आग दिसाले लागली."

प्रत्येक भाग उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुतला गेला, कारण राखेने बरं केलं असलं तरी तिला आत राहू देऊन चालणार नव्हतं. मग पांढऱ्या कापडाखाली उन्हात वाळला, आणि उजवीकडून डावीकडे एकेक जागेवर बसला. शेवटचा तुकडा बसला तेव्हा धोतरावर काहीच उरलं नव्हतं. तेही शालिकने एकदा झटकून पाहिलं.

पुन्हा डोंगा. या वेळी पाळीवर निम्मं गाव होतं. ऊन डोक्यावर यायला फार वेळ नव्हता, आणि कुदळीवाल्यांपैकी एकाने तुडुमाशेजारी फोडायच्या जागेवर काठ्या रोवून ठेवल्या होत्या. पत्रूने त्या पाहिल्या. पाण्यात शिरला, शालिककडे बघून मान हलवली आणि बुडला.

शालिकने तोटी उघडली.

पाण्यात आकाश दिसत होतं. एक तुकडा ढग डोंग्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरकला. पहिला बुडबुडा जेव्हा निघाला होता तेवढा वेळ होऊन गेला. शालिक वाकलेलाच होता. पाळीवरचे लोकही आपोआप श्वास धरून बसले होते. एकेक करून त्यांचे दम सुटले आणि ते खोकले, हसले. पत्रू अजून खालीच होता.

"अरे, म्हातारा गेला का काय!" भैयाजी उभे राहिले.

तेव्हा पाणी फुटलं. पत्रू धापा टाकत वर आला. पांढरे केस कपाळाला चिकटलेले. "निघाला?"

"नाई."

"एकबी?"

"एकबी नाई."

"मंग आवाज द्याचा ना! मी काऊन मरून राह्यलो होतो खाली?"

गाव हसलं. पण शालिक म्हणाला, "आनखी एकदा, बाबा," आणि पत्रूने कुरकुर न करता पुन्हा छाती भरली. गावातली दुसरी कोणती छाती हे करू शकत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं आणि सगळं गाव ते पाहत होतं. दुसऱ्यांदाही पाणी स्तब्ध राहिलं.

शालिकने सिलिंडर पाठीवर बांधलं. कमरेला दोर, दोराचं टोक पत्रूच्या हातात. आरी मनगटाला अडकवलेली. तो पाण्यात उतरताना पत्रूने इतकंच विचारलं, "दम धराचा नाई ना यात?"

"नाई. यात दम धरलेला चालत नाई. वर येतानी तर मुळीच नाई. श्वास चालू ठेवाचा."

"मी तर तुले उलटं शिकवलं."

"ते बिना यंत्राचं, बाबा. तेबी बरोबरच आहे."

खाली पाणी आधी हिरवं, मग तपकिरी, मग जवळजवळ काळं झालं. हाताने पाळीचे दगड चाचपत तो तुडुमापाशी आला. ओंडका पत्रूने सांगितला तसाच होता, तिथेच, त्याच बाजूने. शालिक खाली बसला. आजवर या जागी बसलेला तो पहिला माणूस असावा.

त्याने श्वास घेतला. यंत्र फुसकारलं. त्याने सोडला. बुडबुडे कानामागून गडगडत वर गेले. आणि दोन श्वासांच्या मध्ये काहीही नव्हतं. ना फुसफुस, ना सळसळ, ना मोहरीएवढा बुडबुडा. त्याने मुद्दाम पुढचा श्वास जरा उशिरा घेतला, केवळ ती शांतता ऐकायला. ती त्याने केली होती. त्याने, आईच्या हाताने आणि बापाच्या दमाने. मग त्याने आरी ओंडक्यावर टेकवली.

वर पत्रू दोर सैल धरून पाण्याकडे बघत होता. बुडबुड्यांचा एक घोस यायचा, थांबायचा. मग दुसरा घोस. मध्ये पाणी स्वच्छ.

"पाहा जी गुनवंतराव," तो म्हणाला. "मधात एकबी नाई येत."

"पाहून राह्यलो," गुणवंतराव म्हणाले. तेही मघापासून तेच पाहत होते.

ओंडक्याचा अर्धा भाग आधी वर आला, एखाद्या सुसरीसारखा. पाळीवर ओरडा झाला. दुसरा भाग आला तेव्हा ओरडायला कुणाला सुचलं नाही, कारण त्याच्यामागून शालिकचं डोकं येत होतं, तोंडातून शेवटचे बुडबुडे सोडत, सावकाश, शिकवल्याप्रमाणे.

तो काठावर आला, तोंडातलं रबर काढलं आणि म्हणाला, "झडप मोकळी आहे. फिरवा."

पेचाच्या दांड्याला गुणवंतरावांची माणसं लागली. कुदळी टाकूनच आली होती. दांडा आधी कुरकुरला, मग फिरला. पाळीच्या पलीकडे नहरात आधी गाळ उसळला, मागून काळं पाणी, आणि मग स्वच्छ पाणी दोन्ही काठ धरून धावू लागलं. लोक त्याच्या बाजूने बांध्यांकडे पळत सुटले. पाळ जागच्या जागी होती. तिच्या पोटाला एक ओरखडा नव्हता.

गुणवंतराव मात्र थांबले होते. त्यांनी फोडायच्या जागेवरच्या काठ्या स्वतः उपटल्या. मग खिशात चाचपून कालची, जरा सुकलेली आपट्याची पानं काढली. काल त्यांनी साहेबाला सोनं दिलं होतं, साहेबाच्या बापाला नाही. आज ते पत्रूपुढे आले.

"घे पत्रू. एक दिवस उशीर झाला."

पत्रूने हात धोतराला पुसून पानं घेतली. "सोनं शिळं होत नाई जी," तो म्हणाला, आणि ती पागोट्यात खोवली.

तोपर्यंत सोनीबाईने यंत्र मांडीवर घेतलं होतं. पदराने ती त्याच्यावरचं पाणी टिपत होती. चिंच नाही, राख नाही, नुसता कोरडा पदर. बायका गोळा झाल्या होत्या आणि एकीने कुंकवाची डबी पुढे केली. सोनीबाईने चिमूट उचलली, यंत्राच्या तोंडापर्यंत नेली आणि मध्येच थांबली.

"शालिक, झाकन लावलं का रे?"

"लावलं, माय."

तिने तरीही दुसऱ्या हाताने झाकण पिरगळून पाहिलं. पक्कं होतं. मग तिने बाहेरून, अगदी बाहेरून, एक टिळा लावला आणि बायकांना म्हणाली, "आतून लावाचं नसते याले. मधात एक बैठक राह्यते. तिच्यावर कनभरबी काही चालत नाई."